ग्रेट ईस्टर्न रोडवरचे मुक्काम

नागपुराहून निघून भंडाऱ्यापाशी वैनगंगा ओलांडणारा, साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्यात शिरणारा आणि सौंदड, कोहमारा, देवरी या गावांवरून बाघ नदीपलीकडे छत्तीसगडात उतरणारा जो रस्ता आज सरकारी दप्तरात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ म्हणून नोंदलेला आहे, त्याला इंग्रजी अमलात ग्रेट ईस्टर्न रोड असे भारदस्त नाव होते. रायपूर शहरात तर जी. ई. रोड या आद्याक्षरांनी ते अद्यापि लोकांच्या तोंडी आहे. या रस्त्याच्या कडेला आता विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी चार्जिंगची ठाणी व्हावयाची आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये महामार्गांच्या दोन्ही अंगांस दर २५ किलोमीटरला एक ठाणे असावे असे मान ठरविले आणि सप्टेंबर २०२४ च्या सुधारित सूत्रांत ते २० किलोमीटरवर आणले. मोटार वीज घेत असताना तिच्यातील माणसांनी कोठे बसावे, पाणी कोठे प्यावे, बायकामुलांनी देहधर्मासाठी कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून कारखान्यात तयार होणाऱ्या, मालमोटारीवरून आणून क्रेनने चौथऱ्यावर बसविता येणाऱ्या आणि गरजेप्रमाणे एकीला एक जोडीत जाता येणाऱ्या मॉड्युलर खोल्यांची योजना पुढे आली आहे. हा प्रश्न अगदी नवा असल्यासारखा मांडला जातो, आणि तेथेच मला थांबावेसे वाटते. कारण या रस्त्याने हाच प्रश्न गेल्या दोनशे वर्षांत निदान चार वेळा सोडविला आणि तितक्याच वेळा सुटलेला प्रश्न हातातून निसटूही दिला. मुक्काम किती अंतरावर पडावा हे वाहन ठरवीत आले. पण तो मुक्काम माणसाच्या उपयोगी पडला की नाही, हे प्रत्येक वेळी तेथे राखणदार कोण होता आणि त्याचे पोट कोणाच्या पैशावर चालत होते, यावरच ठरले.

जिल्हा म्हणून गोंदिया अलीकडचा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. भूमी मात्र जुन्या झाडीपट्टीची, म्हणजे साग, बांबू, मोह, पळस आणि तेंदू यांच्या रानात धानाच्या बांध्या कोरून काढलेली. पक्का रस्ता येण्यापूर्वी येथील दूरची वाहतूक बहुतेक बैलांच्या पाठीवरून होई. बंजाऱ्यांचे तांडे समुद्राकडचे मीठ आत आणीत आणि छत्तीसगडचे धान्य गोणींत भरून पश्चिमेकडे नेत. एका तांड्यात शेकडो जनावरे असत आणि त्या सर्वांना संध्याकाळी एकाच ठिकाणी पाणी व चारा मिळाला पाहिजे, ही त्या व्यापाराची पहिली अट होती. ती अट या प्रदेशात भागली ती तलावांमुळे. गोंड राजांच्या आश्रयाने आलेल्या कोहळी समाजाने उतारावरून वाहून जाणारे पाणी मातीच्या पाळींनी अडवून लहानमोठे तलाव आणि बोड्या यांचे जे जाळे विणले, त्यातील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे परंपरा सांगते आणि त्याला वेढणाऱ्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हे तलाव धानासाठी होते, वाटसरूसाठी नव्हते. परंतु तलावाची पाळ, तिच्यावरची आमराई आणि खालची मोकळी गवताळ जागा, एवढ्या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे तांडा आपसूक उतरला, आणि जेथे तांडा उतरला तेथे तेलमीठ विकणारा एखादा वाणी येऊन बसला. इमारत कसलीही नव्हती; पाण्याची राखण मात्र पक्की होती, कारण तलाव फुटला तर गावाचे पीक जाणार होते.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात रतनपूर आणि रायपूरचा मुलूख आला तेव्हा राजधानी आणि छत्तीसगड यांच्यामधल्या या जंगलवाटेला राजकीय महत्त्व चढले. तिच्या आजूबाजूची जमीनदारी घराणी आपापल्या हद्दीतील खिंडी आणि वाटा निर्धोक ठेवण्याची जबाबदारी वाहत, आणि ती जबाबदारी हेच त्यांच्या सत्तेचे एक बळ होते. कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील याने १८१८ साली उठाव केला तेव्हा हे बळ केवढे असू शकते याचा प्रत्यय नव्या सत्ताधाऱ्यांना आला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निवर्तले, राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत हा स्वतंत्र प्रांत झाला आणि पुढल्याच वर्षी मुख्य आयुक्त म्हणून आलेल्या रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपुराहून चहूदिशांना जाणाऱ्या सडकांच्या कामास वेग आला. त्यांपैकी पूर्वेकडे रायपुरास जाणारी सडक ती ग्रेट ईस्टर्न रोड.

१८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली आणि या सडकेचे भाग्य एकदम उघडले. तोवर छत्तीसगडच्या धान्याला दूरची पेठ नव्हती. पिकले की स्वस्त होई आणि पडून राही. आता नागपूरच्या स्थानकाकडे धान्याने लादलेल्या बंड्यांची रीघ लागली. बैलबंडी दिवसाला दहाबारा मैल, फार तर पंधरा मैल चालते. त्यापुढे बैल बसतो. म्हणून सडकेवर तितक्यातितक्या अंतराने पडाव धरले गेले. आजच्या मापाने ते अंतर सोळा ते चोवीस किलोमीटर होते, आणि केंद्र सरकारने विजेच्या मोटारींसाठी योजिलेले २० किलोमीटरचे अंतर नेमके त्याच्या मध्यावर पडते. बैलाच्या दमाचा आणि बॅटरीच्या साठ्याचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मी जाणतो. वाहनाला शंका नको, चालकाच्या मनात धास्ती नको, एवढ्याच हेतूने दोन्ही अंतरे ठरली आहेत. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडणार आहे खरी: जुन्या पडावाची गावे, जी मोटारीच्या जमान्यात काचेतून पाहून सोडून देण्याची गावे झाली होती, ती पुन्हा उतरण्याच्या अंतरावर येणार आहेत.

त्याच १८६७ साली हिंदुस्थान सरकारने सराया आणि पडाव यांच्या नियमनासाठी एक कायदा केला, आणि वाटसरूंच्या सोयींविषयी ज्यांना काही आस्था आहे त्यांनी तो एकदा शांतपणे वाचावा इतका तो बारकाईने लिहिलेला आहे. सरायवाल्याची कर्तव्ये त्यात एकापुढे एक सांगितली आहेत. सरायेत कोणी संसर्गजन्य रोगाने आजारी पडला किंवा कोणी मेला तर तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. मॅजिस्ट्रेट किंवा त्याने नेमलेला माणूस तपासणीस आला तर त्यास केव्हाही मोकळी वाट द्यावी. खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि जेथून पाणी भरले जाते त्या विहिरी व तलाव स्वच्छ ठेवावेत. आसपासचा रोगट पाला काढावा, आणि चोरांना आत उतरण्यास किंवा बाहेर निसटण्यास उपयोगी पडतील अशा झाडांच्या फांद्याही तोडाव्यात. दरवाजे, भिंती, कुंपण, छप्पर दुरुस्त राखावे. उतरलेली माणसे, जनावरे आणि वाहने यांच्या रक्षणास पुरतील इतके पहारेकरी ठेवावेत. आणि मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी व त्या भाषांत दरपत्रक लावावे. फांदीवरून उतरणाऱ्या चोराचा विचार करणारा हा मसुदाकार कधीतरी स्वतः एखाद्या सरायेत रात्र काढलेला असावा, असे वाचताना वाटत राहते. इमारत किती खोल्यांची असावी, भिंत विटांची की मातीची, यावर त्या कायद्याने आपले शब्द खर्चिले नाहीत; पाणी, स्वच्छता, पहारा, दुरुस्ती आणि उघड दर या पाच गोष्टींवर खर्चिले.

साहेबलोकांची व्यवस्था निराळी होती. त्यांच्यासाठी डाकबंगले होते: दोनतीन खोल्या, पुढे रुंद व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि तबेला, खानसामा, चौकीदार आणि नाव व तारीख नोंदविण्याचे बुक. सार्वजनिक बांधकाम खात्याने अशा बंगल्यांचे ठरीव नकाशे केले आणि त्यांवरून मुलुखभर एकसारख्या इमारती उठविल्या, त्यामुळे एका बंगल्यात उतरलेल्या माणसाला दुसऱ्या बंगल्यात अंधारातही दार सापडे. याहूनही सुटसुटीत होता तो जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा हिवाळी दौरा. डेप्युटी कमिशनर एका तळावर कचेरी चालवीत असता तंबूंचा दुसरा संच रातोरात पुढच्या तळावर रवाना होई आणि सकाळी साहेब घोड्यावरून तेथे पोहोचे तो कचेरी, निजण्याचा तंबू, कारकुनांच्या राहुट्या सगळे पूर्ववत उभे असे. सुट्या भागांनी उभारावयाची, उचलून पुढे न्यावयाची इमारत या सडकेने अशी पाहिलेली आहे. फक्त तिची किंमत कोण देत होते, तेही पाहिले पाहिजे. लाकूड, गवत, दूध, कोंबड्या यांची रसद आसपासच्या खेड्यांनी पुरवावी आणि ओझी वाहण्यास माणसे द्यावीत, असा शिरस्ता होता. मोबदला मिळे किंवा न मिळे. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बंडीवाल्याला जागा नव्हती. तो आपल्या बंडीखाली, जुवाला टेकून निजत असे.

बंडीवाल्याची स्वतःची म्हणावी अशी सोय एकच होती, ती पाणपोई. चैत्र लागला, मोह वेचून झाला, सडकेची खडी तापू लागली की गावातले कोणी सुखवस्तू घर चार बांबू रोवून, त्यांवर तट्टे आणि पळसाच्या हिरव्या डहाळ्या टाकून हातदीड हात उंच ओट्यावर दोनतीन रांजण मांडी. रांजण नवे घेत, कारण जुन्या रांजणाची छिद्रे बुजलेली असतात आणि पाणी हवे तसे थंड होत नाही. ते ओल्या रेतीत अर्धे पुरत, वर गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनचार वेळा भिजवीत. शेजारी एखादी म्हातारी बसे. लांब दांड्याच्या पळीने ती वरून पाणी सोडी आणि वाटसरू ओंजळ धरून पिई, म्हणजे भांडे उष्टे होण्याचा प्रश्न येत नसे. मृगाचा पाऊस पडला की मांडव मोडून बांबू कुंपणाला लागत आणि रांजण घरी जात. जेथे गरज तेथे उभारणे, गरज सरताच काढून घेणे, स्थानिक सामान, अल्प खर्च, आणि एक माणूस कायम हजर: आजच्या मॉड्युलर सोयींच्या आराखड्यात जे गुण मोठ्या प्रयत्नाने आणावे लागतात, ते सर्व या मांडवात होते. म्हातारीला वर्षाचे धान्य व एक लुगडे मिळे. ती नसती तर दुसऱ्या दिवशी रांजणात शेवाळ आणि तिसऱ्या दिवशी कुत्रे दिसले असते.

पण हीच पळी काहींच्या ओंजळीपर्यंत पोहोचत नव्हती, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अस्पृश्य मानलेल्या वाटसरूला पाणी निराळे, दुरून, पन्हळीने, किंवा मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणीचा १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे: सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरलेले ते आणि त्यांच्यासोबतची मुले, जात कळताच पालटलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही स्वतः न हाकणारा गाडीवान, आणि रात्री टोलनाक्यावर शिदोरी जवळ असूनही पाण्यावाचून उपाशी काढावी लागलेली रात्र. नाका होता, दिवा होता, राखणदार होता, पाणीही होते, सोय नव्हती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना मोकळ्या केल्या, १९२७ साली महाडास त्या ठरावाचा अर्थ प्रत्यक्ष ओंजळीने सिद्ध करावा लागला, आणि १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावे घेऊन तो हक्क लिहिला गेला. रस्त्याकडेच्या सोयीवर ‘फक्त ग्राहकांसाठी’ अशी पाटी लावण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी हा इतिहास आधी आठवावा.

बंडीच्या सडकेला भरभराटीची जेमतेम तेरा वर्षे लाभली. १८७७-७८ च्या दुष्काळानंतर नागपूर–छत्तीसगड रेल्वेचे काम नेटाने पुढे रेटण्यात आले. डिसेंबर १८८० पर्यंत मीटरमापी गाडी राजनांदगावास पोहोचली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती मार्गिका ताब्यात घेऊन रुंद केली आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंतचा मुख्य मार्ग मालवाहतुकीस खुला केला. लोहमार्ग सडकेच्या बराच उत्तरेने गेला. त्यामुळे तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही नावे वेळापत्रकात आली आणि देवरी, सौंदड यांची नावे व्यापाऱ्यांच्या वह्यांतून पुसट होत गेली. लवकरच गोंदियाहून सातपुड्याकडे नैनपूर–जबलपूरची आणि दक्षिणेस नागभीड–चांद्याची अरुंदमापी गाडी निघाली आणि एका साध्या खेड्याचे जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनालाही तहान होती. ठरावीक अंतराने पाण्याची टाकी आणि खाली झुकणारी सोंड लागे, आणि जेथे इंजिन पाणी पिई तेथे माणसांसही प्यावयास मिळे. उन्हाळ्यात फलाटावर पाणीवाले फिरत, हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे असे ओरडत. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी मुसाफिरखाना होता, पण तो कसा असे हे गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जे लिहिले त्यावरून कळते. तरीही रेल्वेने एक गोष्ट निर्विवाद केली: स्थानक, पाणी, दिवा, भंगी, हमाल, स्टेशनमास्तर हे सर्व एकाच मालकाच्या पगारावर होते आणि तक्रार कोणाकडे करावी हे अडाणी उतारूलाही ठाऊक होते.

मोटारीने सडकेला तिची रहदारी परत दिली, मुक्काम मात्र दिला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि राष्ट्रीय महामार्गांपासून ग्रामरस्त्यांपर्यंत देशातील रस्त्यांची जी वर्गवारी तेथे झाली तीत ही सडक राष्ट्रीय महामार्गांत गेली. पुढे तिला ६ हा क्रमांक मिळाला व २०१० च्या फेररचनेत तो ५३ झाला. पेट्रोल पाच मिनिटांत भरते. गाडी उभी राहते तेवढ्यात मालक उतरून पाय मोकळे करतो आणि पुढे जातो. जेथे कोणी थांबतच नाही तेथे बसण्याची जागा बांधावी असे कोणाला वाटणार? पंपावर फुकट हवा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह असले पाहिजे असा तेलकंपन्यांचाच दंडक आहे, आणि त्या स्वच्छतागृहाच्या दाराला किती ठिकाणी कुलूप असते हे या रस्त्याने मुलीबाळी घेऊन गेलेल्या कोणत्याही गृहस्थास विचारावे. एस.टी.ची स्थानके झाली, पण ती एस.टी.च्या उतारूपुरती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने रात्री मुक्काम करणाऱ्या कामगारांसाठी विश्रांतीगृहाची सक्ती केली; पण ती मालकावर होती, रस्त्यावर नव्हती, आणि एकदोन ट्रकांचा मालक देवरीस विश्रांतीगृह कोठून बांधणार? ती उणीव ढाब्यांनी भरून काढली. खाट, हौदातले थंड पाणी, डाळ आणि रात्रभर जळणारा दिवा यांच्या बळावर हजारो ट्रकचालकांना या महामार्गावर झोप मिळाली, त्याबद्दल ढाबेवाल्यांचे ऋणच मानले पाहिजे. परंतु एकट्या स्त्रीने रात्री उतरावे अशी ती जागा नव्हती.

याच सुमारास जुने राखणदारही गेले. १९५१ मध्ये मध्यप्रदेशातील, म्हणजे तेव्हा त्या राज्यात मोडणाऱ्या या मुलुखातीलही, मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालकांची पद्धत, नष्ट झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. पण मालगुजाराबरोबर तलावाची पाळ दरवर्षी दुरुस्त करविणारा हातही गेला आणि त्याची जागा घेणारे खाते कैक मैल दूर बसले. तलाव गाळाने भरले. नाव मात्र टिकले. आजही कागदोपत्री त्यांना मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात.

सोयींवाचूनचा रस्ता म्हणजे काय, हे मे २०२० मध्ये सर्वांना दिसले. टाळेबंदीत कामे बंद पडलेले मजूर नागपूर, मुंबई, हैदराबादकडून पायी, सायकलवर, मालमोटारींच्या हौद्यात बसून या महामार्गाने छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे निघाले आणि देवरीपलीकडे बाघ नदीच्या सीमेवर त्यांचे जथे उन्हात येऊन थांबले. दोन्ही तीरांवरच्या गावकऱ्यांनी, संस्थांनी आणि सरकारी माणसांनी अन्नपाण्याची शर्थ केली. पण चारपदरी रुंद, उत्तम डांबराच्या त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्या बाईसाठी आडोसा मात्र मैलोगणती नव्हता. शतकापूर्वीची बंडीची सडक त्या बाबतीत तिला अधिक दयाळू वाटली असती.

आता वीज आली आहे आणि तिने थांबणे पुन्हा आवश्यक केले आहे. साधारण ४० युनिटांची बॅटरी असलेल्या मोटारीस जलद चार्जरवर अर्ध्यापासून एक तास लागतो. बैलाला वैरण घालण्याइतका हा वेळ नाही, पण पेट्रोलच्या पाच मिनिटांहून पुष्कळ अधिक आहे, आणि एवढ्या वेळात माणसाला भूक, तहान, लघुशंका आणि पाठ टेकण्याची इच्छा हे सर्व आठवते. पैशाचीही तरतूद झाली आहे: ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांतील २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत, आणि त्याच महिन्यात रस्ते वाहतूक मंत्रालयाने ‘हमसफर’ धोरण जाहीर करून महामार्गाकडेची स्वच्छतागृहे, बालसंगोपन कक्ष, चाकाच्या खुर्चीची सोय, वाहनतळ आणि चार्जिंग यांना एका सूत्रात आणले. यात उशीर झाला की काय होते, हे समृद्धी महामार्गाने दाखविले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला तेव्हा पंप, स्वच्छतागृहे आणि उपाहारगृहे यांची वाण होती आणि लोकांनी वेगाच्या त्या अप्रतिम रस्त्यावर साध्या गोष्टींसाठी हाल सोसले. आता त्याच धर्तीचा द्रुतगती मार्ग नागपुराहून गोंदियापर्यंत आणण्याचे ठरले आहे. विजेची वाण या जिल्ह्यास असू नये. तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. त्या केंद्राची धूळ आणि राख सोसणाऱ्या जिल्ह्याच्या रस्त्यावर चार्जरची रांग लागावी, ही मागणी न्याय्य आहे.

मॉड्युलर खोल्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. महामार्ग रुंद होतो, वळण बदलते, उड्डाणपूल होतो, आणि विटांची इमारत जेथल्या तेथे निरुपयोगी होऊन पडते. सांगाड्यावरची खोली बोल्ट काढून पुढे नेता येते. रहदारी थोडी असेल तर एक स्वच्छतागृह व एक बसण्याची खोली एवढ्यावर आरंभ करावा, वाढली की जोडावे. गटाराची सोय नसली तरी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या आणि रेल्वेच्या डब्यांतून सर्वत्र बसविलेल्या जैवपाचक टाकीने काम भागते. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या लगत, जेथे रानातून पक्के बांधकाम वाढविणे हे पातकच ठरेल, तेथे तर हलविता येणारी इमारत हाच मार्ग आहे, आणि तीही गावालगत, वन्य प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर. परंतु पत्र्याची पेटी मे महिन्यात येथे भट्टी होते. तिला सर्व बाजूंनी खोल पडवी हवी, वर दुहेरी छप्पर हवे, आणि ती पडवी बांबूची व्हावयास हरकत नाही. बांबू या जिल्ह्यात विपुल आहे आणि त्याचे काम जाणणारे बुरुड आजही हयात आहेत. दिल्ली किंवा पुण्याच्या कारखान्यातून सर्व ठिकाणी एकच पेटी पाठविण्याचा मोह डाकबंगल्याच्या ठरीव नकाशाइतकाच जुना आहे. फरक इतकाच की त्या नकाशात व्हरांडा रुंद होता.

गोंदिया–गोरेगावकडून येणारी वाट कोहमाऱ्यास महामार्ग ओलांडते आणि दक्षिणेस नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जाते. तेथे सकाळी नागपूरच्या दवाखान्यास निघालेले रोगी व त्यांचे सोबती एस.टी.ची वाट पाहत असतात, दुपारी तांदळाच्या मालमोटारी उभ्या असतात, हिवाळ्यात पक्षी पाहावयास येणाऱ्यांच्या गाड्या वळतात. चार्जिंगचे एक ठाणे येथे व्हावे, आणि ते होताना खोल्यांचा क्रम उलटा लावू नये. पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह चार्जरच्या आवारात, आतल्या बाजूस नको. रस्त्याकडे तोंड करून, एस.टी.च्या उतारूला आणि पायी जाणाऱ्याला कोणाची परवानगी न मागता शिरता येईल असे हवे. त्यानंतर पडवी, मग स्त्रियांची खोली, चालकांच्या आंघोळीची मोरी, चहाचे दुकान. युनिटचा दर व प्रत्येक सोयीचा दर, किंवा ती फुकट असल्यास तसे, मराठीत व हिंदीत ठळक लिहिलेला हवा. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे थोडे पैसे निराळ्या खात्यात पडावेत आणि त्यांतून दोन पाळ्यांचे दोन राखणदार, त्यांत निदान एक स्त्री, गावातूनच नेमले जावेत. चार्जर ज्या दिवशी बसेल त्याच दिवशी त्यांची खोलीही त्याच चौथऱ्यावर बसलेली असावी, आणि त्यांचा पगार ठेक्याच्या कराराच्या पहिल्या पानावर, विजेच्या जोडणीच्या वरच्या कलमात लिहिलेला असावा.